घराचा विमा : भाव विचारण्यापूर्वी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा वैद्यकीय विषय सोडून, परंतु सभासदांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना केली. बालरोगतज्ज्ञाने विम्यावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु २०२४ च्या पुरानंतरच्या काही महिन्यांत या विषयाचा जो पाठपुरावा मला करावा लागला, त्यातून हाती आलेली माहिती आपल्यापर्यंत पोहोचवावी असे मनापासून वाटते.

आपण वैद्यकीय व्यावसायिक विम्याच्या बाबतीत अगदीच अनभिज्ञ असतो असे नाही. मोटारीचा विमा कायद्यानेच बंधनकारक आहे. आरोग्य विम्याचे कागद आपल्या टेबलावर रोज येतात. व्यावसायिक दायित्वाचा विमा तर आपल्यापैकी बहुतेकांनी उतरवलेला असतो. मात्र ज्या वास्तूत आयुष्यातील सर्वांत मोठी पुंजी गुंतलेली असते, तिच्या विम्याचा प्रश्न निघाला की ‘बँकेने कर्जाच्या वेळी काहीतरी केले होते’ यापलीकडे सहसा कोणाला काही सांगता येत नाही.

बडोदेकरांना हे दुर्लक्ष परवडणारे नाही. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी आपली विश्वामित्री शहराच्या ऐन मध्यातून वाहते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला तेव्हा आणि त्यानंतर ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, नदीने आपले पात्र सोडून कोठकोठल्या सोसायट्यांत प्रवेश केला हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. मगरी अंगणात आल्याच्या बातम्या देशभर पोहोचल्या. घराघरांतून बाहेर काढून रस्त्याकडेला रचलेल्या गाद्या, कपाटे आणि फ्रीज यांची बातमी मात्र कोणी दिली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरले. आमचे जोते उंच असल्याने ते आमच्या तिसऱ्या पायरीशी थांबले. शेजारच्या बैठ्या घरात मात्र ते कमरेपर्यंत चढले. तेथे एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात. आमच्या गल्लीतील निम्मी मुले त्यांच्या हाताखाली शिकली, आणि त्यांतील बरीचशी माझ्याकडे लस टोचून घेऊन गेली. पाणी ओसरल्यावर काकूंनी एक फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. घरावर एक खोली वाढवताना काढलेल्या कर्जाबरोबर विमा उतरवलेला होता आणि त्याचे हप्तेही चुकलेले नव्हते. त्या निर्धास्त होत्या. पॉलिसी वाचल्यावर कळले, की विमा फक्त इमारतीचा होता, विम्याची रक्कम कर्जाइतकीच होती आणि भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या बँकेचा होता. भिंती उभ्याच होत्या. गिलावा आणि दोन दारे यांपुरती किरकोळ रक्कम मंजूर झाली. पलंग, कपाटे, फ्रीज, शिलाई यंत्र, पुस्तके यांचा त्या कागदात उल्लेखही नव्हता.

“डॉक्टर, मग इतकी वर्षे मी विमा भरला तो कोणाचा?” असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे, आणि ते म्हणजे कर्जाचा. पण ते उत्तर त्यांना देताना माझी जीभ अडखळली.

चार भाव, चार वस्तू

त्याच वर्षाअखेर आमच्या घराच्या विम्याची मुदत संपत होती. काकूंनाही नवी पॉलिसी घ्यायची होती. दोघींचे काम एकदमच करावे म्हणून मी चौकशीला आरंभ केला. एका संकेतस्थळावर माझा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवला मात्र, पुढचे दहा दिवस ओपीडीच्या ऐन वेळी फोन येत राहिले. बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवावा आणि खिशात फोन थरथरावा, असा प्रकार. प्रत्येक फोनवर नवा आवाज, प्रत्येक आवाजाला पुन्हा पहिल्यापासून सर्व माहिती सांगायची, आणि ‘आजच घेतलेत तर सवलत’ हे शेवटचे वाक्य ठरलेले. शहरातील एका कार्यालयात प्रत्यक्ष गेले, तर तेथील सद्गृहस्थांनी घराचा विषय दोन मिनिटांत आटोपून मला गुंतवणुकीची योजना समजावून सांगितली. त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. घराच्या विम्याचा हप्ता लहान, त्यामुळे एजंटाला मिळणारे कमिशनही लहान, आणि समजावण्याचे कष्ट मात्र मोठे.

अखेर आमच्या घरासाठी चार भाव हाती आले. एक २,३०० रुपये, दुसरा ६,१०० रुपये, तिसरा ९,७०० रुपये आणि चौथा १८,४०० रुपये. एकाच घराचे, एकाच आठवड्यात मिळालेले हे आकडे. पॅरासिटामॉलच्या एकाच बाटलीची किंमत चार दुकानांत अशी आठपटीने बदलली, तर आपण औषध निरीक्षकाकडे तक्रार केली असती.

एका रविवारी चारही कागद शेजारी शेजारी मांडून वाचले तेव्हा कोडे उलगडले. २,३०० रुपयांत केवळ इमारतीचा विमा होता, सामानाचा नव्हता. ६,१०० रुपयांत इमारत व सामान तर होतेच, शिवाय घरफोडी, दागिने आणि पती-पत्नीचा अपघात विमाही जोडलेला होता. ९,७०० रुपयांचा भाव देणाऱ्याने ‘आज घर विकले तर काय येईल?’ असे विचारले होते व जमिनीसह आलेली किंमत विम्याची रक्कम म्हणून धरली होती. आणि १८,४०० रुपये हा हप्ता एका वर्षाचा नसून १० वर्षांचा एकत्रित होता. म्हणजे हे एका वस्तूचे चार भाव नव्हतेच. चार निरनिराळ्या वस्तूंची ती चार किंमतपत्रके होती, आणि वर नाव मात्र सर्वांवर ‘घराचा विमा’ हेच.

या सर्व वैतागाचे मूळ येथे आहे असे माझे मत झाले. आपण ‘कितीला?’ हा प्रश्न आधी विचारतो. ‘काय, किती रकमेचे आणि कशापासून?’ हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर समोरचा माणूस त्यांची उत्तरे स्वतःच ठरवतो आणि आपल्याला फक्त बेरीज सांगतो. रुग्णाचे वजन न विचारता डोस सांगणाऱ्याकडून आपण औषध घेणार नाही. विम्यात मात्र नेमके तेच करतो.

थोडी पार्श्वभूमी

आपल्या देशात सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले आणि पुढची सुमारे तीन दशके हा व्यवसाय सरकारी कंपन्यांकडेच होता. आगीच्या विम्याचे, म्हणजे ज्यात घराचा विमाही येतो त्याचे, दर ठरवून दिलेले असत. त्यामुळे भाव काढण्याचा प्रश्नच नव्हता. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून दरांवरील हे नियंत्रण उठले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरवते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १ एप्रिल २०२१ चा. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी त्या दिवसापासून लागू केली. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात, दर तेवढा निराळा असतो. याशिवाय कंपन्या स्वतःची पॅकेजेसही विकतात. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण मूळ पॉलिसी एकच असेल तर भावांची तुलना खरोखर करता येते. फक्त त्यावर चढवलेले जोडपदार्थ बाजूला काढून ठेवायला हवेत.

पहिला प्रश्न : किती रकमेचा?

विमा घराच्या बाजारभावाचा नसतो. पूर आला, भूकंप झाला, तरी जमीन जागच्या जागी राहते. ती विकत घेताना दिलेले पैसे बुडत नाहीत. विमा उतरवायचा तो तीच इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. भारत गृह रक्षा पॉलिसीत याचे गणित सोपे ठेवले आहे. घराचा कारपेट एरिया गुणिले त्या भागातील बांधकामाचा प्रचलित दर. गच्ची, आवारभिंत, गॅरेज, पाण्याची टाकी, सौर पॅनेल यांसारख्या जोडबांधकामांचा खर्च त्यात मिळवायचा.

आमच्या घराचे उदाहरण देते. कारपेट एरिया १,२०० चौरस फूट. ओळखीच्या अभियंत्याने सांगितलेला बांधकामाचा दर चौरस फुटाला २,४०० रुपये. गुणाकार २८,८०,००० रुपये. विक्रीची किंमत विचारणाऱ्याने धरलेला आकडा याच्या जवळजवळ पाचपट होता. तेवढ्या रकमेचा हप्ता भरूनही प्रत्यक्ष भरपाई दुरुस्तीच्या वा पुनर्बांधणीच्या खर्चाइतकीच मिळणार होती. डोस वाढवल्याने औषधाचा गुण वाढत नाही, हे आपण पालकांना रोज सांगतो.

याच्या उलट दुसरा धोका असे, तो अपुऱ्या विम्याचा. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत सरासरीचे कलम असते. समजा, घर बांधण्याचा खर्च ४० लाख आणि विमा उतरवला २० लाखांचा. नुकसान झाले ८ लाखांचे. आपल्याला वाटेल, २० लाखांच्या आतले नुकसान आहे, पूर्ण मिळेल. पण विमा निम्म्याच किमतीचा म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे ४ लाखच. भारत गृह रक्षा पॉलिसीत हे कलम लावले जात नाही. त्यामुळे विमा थोडा कमी पडला तरी विम्याच्या रकमेपर्यंतचे नुकसान कापून न घेता मिळते. मात्र क्षेत्रफळ खरे व पूर्ण सांगावे. मागाहून बांधलेली खोली कागदावर आणायला विसरू नये.

ही पॉलिसी १० वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. मुदत एका वर्षाहून अधिक असेल तर विम्याची रक्कम दर वर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी, जादा हप्ता न घेता, आपोआप वाढते. बांधकामाचे दर वाढतच असल्याने ही तरतूद उपयोगाची आहे. तुलना करताना तेवढे एक लक्षात ठेवावे, की एका वर्षाचा भाव एका वर्षाच्या भावाशी आणि दहा वर्षांचा दहा वर्षांच्या भावाशीच ताडून पाहावा. तसेच भाव करासह सांगितला आहे की कर वेगळा, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न : कशाकशाचा?

पॉलिसी केवळ इमारतीची, केवळ सामानाची किंवा दोन्हींची घेता येते. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे. इमारत व सामान अशी एकत्रित पॉलिसी घेतली, तर सर्वसाधारण घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. त्यासाठी यादीही द्यावी लागत नाही. आमच्या २८,८०,००० रुपयांवर हे संरक्षण ५,७६,००० रुपये होते. सामान याहून अधिक मोलाचे असेल तर तपशील देऊन जादा रक्कम घेता येते.

दागिने, चित्रे, दुर्मिळ वस्तू हे सर्वसाधारण सामानात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी जोडसंरक्षण घ्यावे लागते आणि किमतीबद्दल आधी एकमत करावे लागते. रोख रक्कम, शेअर प्रमाणपत्रे, हस्तलिखिते, सोन्याची बिस्किटे यांना संरक्षण नाही. मोटार दाराशी उभी असली तरी ती घराच्या विम्यात येत नाही. तिचा विमा निराळा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा उतरवला आहे काय, असल्यास त्यात प्रत्येक फ्लॅटचे आतील काम धरले आहे काय, आणि त्याची रक्कम केव्हा ठरवली होती. सोसायटीच्या पॉलिसीत आपल्या घरातील सामान असेल असे गृहीत धरू नये. जिना, लिफ्ट, पंप हे सामाईक भाग एकट्यादुकट्याच्या पॉलिसीने सांभाळले जाणार नाहीत, त्यांचा विचार सोसायटीच्या सभेतच व्हायला हवा.

तिसरा प्रश्न : कशापासून?

भारत गृह रक्षा पॉलिसीच्या मूळ संरक्षणात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व पाणी साचणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, झाड वा वाहन घरावर आदळणे, दंगल व संप, दुष्ट हेतूने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, आणि पाण्याची टाकी किंवा नळ फुटून वाहणे, एवढ्या आपत्तींचा समावेश आहे. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आठवणाऱ्या आपल्या पिढीला त्यातील भूकंप हा शब्द केवळ कागदी वाटणार नाही. त्या सकाळी केंद्रापासून कितीतरी दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या होत्या.

आता काय मिळत नाही ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे साधी घरफोडी. मूळ पॉलिसीत चोरीला संरक्षण आहे ते फक्त वरीलपैकी एखादी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीला. पुरात घर सोडावे लागले आणि मागे चोरी झाली, तर ते बसते. एरवीच्या चोरीसाठी निराळे संरक्षण मागावे लागते. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे वर्षातून काही महिने घर बंद ठेवून तिकडे जातात, त्यांनी बंद घराबाबतची अट लेखी विचारून घ्यावी. किती दिवस घर बंद राहिले तर काय होते, याचे उत्तर प्रस्थानापूर्वी आपल्या हाती असावे.

दुसरी गोष्ट विजेच्या उपकरणांची. दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन एखादे उपकरण जळले, तर त्या उपकरणाची स्वतःची भरपाई मिळत नाही. त्यातून आग पसरून इतर नुकसान झाले तर ते मिळते. फ्रीज पुरात बुडाला तर तो प्रश्न पुराचा, म्हणून संरक्षणात येतो. तिसरी गोष्ट म्हणजे झीज व वय. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या गच्चीची ओल ही आपत्ती नव्हे, ती देखभालीची बाब आहे.

काही लाभ मात्र मागावे न लागता मिळतात आणि दावा करताना ते मागायचे राहून जातात. पडलेला राडारोडा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळते. दावा १० लाखांचा असेल तर या दोन बाबी अनुक्रमे २०,००० व ५०,००० रुपयांपर्यंत जातात. घर राहण्यायोग्य नसेल त्या काळातील पर्यायी निवासाच्या भाड्याचीही तरतूद आहे.

खाली दवाखाना, वर घर

आपल्यापैकी अनेकांची वास्तू अशीच आहे. तिच्याबाबत विशेष सावधगिरी हवी. विम्याच्या अर्जात ‘निवासी’ एवढेच लिहून मोकळे होऊ नये. तळमजल्यावर दवाखाना आहे, त्यात किती कर्मचारी आहेत, कोणती उपकरणे आहेत, हे लेखी कळवावे आणि कंपनीचे उत्तरही लेखीच घ्यावे. दावा करण्याच्या वेळी यावरून वाद होणे सर्वांत दुःखदायक.

दवाखान्यातील तपासणी टेबल, नेब्युलायझर, संगणक, सोनोग्राफी यंत्र हे घरसामान नव्हे. लहान व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासूनच ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही दुसरी प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. एका जागी एकूण ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायाला ती चालते. माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी लशींच्या फ्रीजचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. वीज गेल्याने फ्रीज बिघडत नाही, बिघडतात त्या आतल्या लशी, आणि अशा परिणामस्वरूप नुकसानीला साधी पॉलिसी सहसा पुरत नाही. २०२४ च्या त्या रात्री आम्ही लशी बर्फाच्या पेट्यांत भरून वरच्या मजल्यावर नेल्या. त्या वाचल्या त्या पॉलिसीमुळे नव्हे, कंपाउंडरच्या हुशारीमुळे.

केस पेपर

इतके समजल्यावर मी एक साधा उपाय केला. रुग्णाचा केस पेपर करावा तसा घराचा एका पानाचा कागद तयार केला. पत्ता, बांधकामाचे वर्ष, कारपेट एरिया, धरलेला बांधकाम दर, इमारतीची रक्कम, सामानाची रक्कम, मुदत, दवाखान्याचा उल्लेख, पूर्वी पूर आल्याचा उल्लेख, आणि शेवटी एक वाक्य : ‘भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीचा भाव निराळा व प्रत्येक जोडसंरक्षणाचा भाव निराळा कळवावा, करासह.’ हा कागद चारही ठिकाणी ई-मेलने पाठवला आणि फोनवर कोणाशीही बोलणार नाही असे नम्रपणे कळवले.

उत्तरे आली ती ३,००० ते ३,९०० रुपयांच्या दरम्यान. आठपटीचा फरक नऊशे रुपयांवर आला. त्यानंतर निवड करताना भावाकडे फारसे पाहावेच लागले नाही. कोणी लेखी व स्पष्ट उत्तर दिले, कोणाचे कार्यालय गावात आहे, दाव्याच्या वेळी कोणाला गाठायचे हे कोणी सांगितले, यांवर निर्णय झाला. काकूंसाठीही असाच कागद केला. त्यांच्या घराचा हप्ता आमच्याहून कमी बसला आणि या वेळी पॉलिसीत सामानाचा रकाना भरलेला आहे.

दाव्याची वेळ आली तर

येथे एक वैद्य म्हणून थोडे अधिक लिहिते, कारण पुरानंतर दोन सल्ले परस्परांविरुद्ध जातात. विमा कंपनी म्हणते, सर्वेक्षक पाहीपर्यंत वस्तू हलवू नका. आणि आपण सांगतो, गटाराचे पाणी शोषलेल्या गाद्या घरात एक दिवसही ठेवू नका. घरात तान्हे मूल, दम्याचा रुग्ण किंवा वृद्ध असतील तर आपला सल्ला आधी पाळावा. त्यासाठी मार्ग आहे. पाण्याच्या खुणेसह प्रत्येक खोलीचे छायाचित्र व चलचित्र घ्यावे, उपकरणांवरील क्रमांकाच्या पट्ट्यांची छायाचित्रे घ्यावीत, वस्तूंची यादी करावी, आरोग्याच्या कारणास्तव या वस्तू बाहेर काढत आहोत असे कंपनीला त्याच दिवशी ई-मेलने कळवावे, आणि मगच त्या टाकाव्यात. शक्य असेल तर अशा वस्तू गच्चीवर किंवा आवारात वेगळ्या ठेवून सर्वेक्षकाला दाखवाव्यात. गाळ काढताना हातमोजे व बूट विसरू नयेत, हे या वाचकवर्गाला सांगायला नको. परंतु आपले कुटुंबीयही हे पान वाचतील म्हणून सांगते.

दावा नाकारला किंवा अन्यायाने कमी केला असे वाटले, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. इर्डाईचे ‘बीमा भरोसा’ हे तक्रार केंद्र आहे व त्याचा दूरध्वनी १५५२५५ हा आहे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार तेथे होतो, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. गुजरातसाठीचे कार्यालय अहमदाबाद येथे आहे.

शेवटी आपल्या संस्थेला एक विनंती. दर वर्षी मे महिन्यात आपली एक सभा होतेच. यापुढे त्या सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या घराचा असा एक कागद भरून आणावा आणि शेजारच्या किमान एका वृद्ध वा एकट्या व्यक्तीचा कागद भरून द्यावा. चौरस फूट मोजायला आणि गुणाकार करायला अर्धा तास पुरतो. आभाळ भरून आल्यावर आणि पाणी फाटकाशी आल्यावर विमा उतरवता येत नाही, लसही ताप आल्यावर टोचून उपयोग नसतो. जूनच्या पहिल्या सरीपूर्वी हे काम हातावेगळे व्हावे, एवढीच इच्छा.